नऊ मिनिटांचं पुणं

मुंबई आणि पुणे या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. ताशी आठशेचा वेग धरून त्रैराशिक मांडलं, तर उत्तर येतं नऊ मिनिटं. गुरुजींनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. वेळापत्रक मात्र पाऊण-एक तास सांगतं, आणि माझा विश्वास वेळापत्रकावर आहे.

गणितातलं विमान हवेतच जन्माला येतं. खरं विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या गावी जागेवर उभं राहिलं की थांबतं. मधे रांग असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे चालते एका वेळी एकच. नंबर लागला की विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडायचं. आणि वारा बहुतेक समुद्रावरूनच येणार. म्हणजे आग्नेयेच्या पुण्याला निघालेलं विमान आधी पश्चिमेला, थेट अरबी समुद्राकडे झेपावतं! पुण्याकडे पाठ फिरवून पुण्याला निघायचं, हे मुंबईलाच सुचू शकतं.

मग वळसा. त्यात दहा हजार फुटांखाली वेगाला लगाम, 250 नॉट, म्हणजे ताशी साधारण 463 किलोमीटर. ते आठशे कागदावरच राहतात. चढण संपते न संपते तोच उतरण लागते. खालचा पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा. तिथे सुखोईंचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानाने घिरट्या घालत बसावं. यजमानाआधी पाहुण्याने पाटावर बसू नये, हे पुण्यात वेगळं सांगावं लागत नाही.

उलट 1930 सालापासून धावणारी डेक्कन क्वीन 192 किलोमीटरला तीन तासांहून थोडं अधिक घेते, पण त्या वेळात कटलेट मिळतं आणि घाटही दिसतो. घरातून निघून विमानतळ, तपासणी, प्रतीक्षा आणि पट्ट्यावरची बॅग असं सगळं धरलं, तर विमानवाला तिच्याहून फार आधी घरी पोचत नाही. म्हणून या मार्गावर विमानं येतात आणि बंदही पडतात. मला त्यात अन्याय दिसत नाही.

खरी दया येते ती न्यूयॉर्कहून आलेल्या मुलाची. साडेबारा हजार किलोमीटर तो एका खुर्चीत, बिनतक्रार बसून येतो. पहाटे मुंबईत उतरून फोन लावतो.

“कुठे आहेस?”

“मुंबईत, आई.”

“मग आलासच की! पोहे टाकते.”

टॅक्सी खंडाळ्याच्या घाटात कंटेनरच्या मागे उभी राहते तेव्हा पोहे कधीच झालेले असतात, आणि वडील दर दहा मिनिटांनी विचारत असतात, “एवढंसं तर अंतर, करतोय काय हा?”