पूर्वजांवर स्पॉटलाइट

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू घरातला ‘उखांबा’ म्हणजे बिअरचं मडकं. ते चाकावर घडत नाही. बायका मातीच्या वळ्या एकावर एक रचून ते उभं करतात, अंगावर पुटकुळ्यांची नक्षी काढतात, गोट्याने घासून चकचकीत करतात आणि एकदा भाजून झालं की पुन्हा धुरात काळं करतात. काळंच का? तर पूर्वजांना अंधार आवडतो. म्हणून त्याची जागाही झोपडीच्या मागच्या, अंधाऱ्या भागात. पाहुणे आले की मका-ज्वारीची बिअर भरून ते हातोहात फिरतं.

हेच मडकं इंटिरियर डिझायनरच्या हाती लागलं की पहिलं काम म्हणजे त्यावर स्पॉटलाइट! पूर्वजांनी खुशाल गॉगल लावावा. बिअर हद्दपार, आत वाळलेलं गवत. पाहुण्याने हात पुढे केला की यजमान दचकून ओरडतात, ‘‘हात नको हं, ओरिजिनल आहे!’’ शेजारच्या भिंतीवर कॅमेरूनच्या बामिलेकेंची पिसांची टोपी, सोफ्यावर मालीच्या चिखलरंगी कापडाच्या उश्या. देश तीन, अंतर हजारो किलोमीटरचं. डिझायनरच्या वहीत मात्र सगळ्यांचा पत्ता एकच, ‘आफ्रिकन टच’.

नायजेरियाने लाडी क्वाली या आपल्या कुंभारणीला 20 नायराच्या नोटेवर मानाने बसवलं. दिवाणखान्यातल्या मडक्याखाली घडवणारीचं नाव शोधून पाहा. दुकानाचं सापडेल, किमतीसकट.