भिंत पुरली नाही

बेल्जियममधल्या ईपरला जाणारा पर्यटक तिथला भव्य कापडबाजार पाहून ‘तेराव्या शतकातला हो!’ म्हणत मान डोलावतो. पहिल्या महायुद्धात त्या बाजाराचा पार चुराडा झाला. आज दिसते ती पुनर्बांधणी १९६७ साली पुरी झाली. चर्चिलना शहराचे भग्नावशेष स्मारक म्हणून तसेच राखायचे होते, पण गावकऱ्यांना स्मारकात संसार थाटायची हौस नव्हती. त्यांचं बरोबरच होतं. त्यामुळे इमारत ‘नकली’ अशी ओरड फोल आहे. खटकतो तो इथल्या मरणाचा टापटीपपणा. मेनिन गेट या स्मारकावर बेपत्ता सैनिकांची ५४ हजारांहून अधिक नावं कोरली, तरी भिंत पुरेना. १५ ऑगस्ट १९१७ नंतर बेपत्ता झालेले बहुतेक ब्रिटिशांची नावं टाइन कॉट दफनभूमीला धाडली. वास्तुविशारदाचा अंदाज चुकवणारं युद्ध!

कुणी म्हणेल, निदान आदर तरी राखलाय. राखलाय की, पांढरे दगड, भादरलेली हिरवळ, रोज रात्री आठला बिगूल. मग लांगेमार्कच्या जर्मन दफनभूमीत ४४ हजारांहून अधिक माणसं, त्यातली सुमारे २५ हजार एकाच खड्ड्यात, ती का? हरणाऱ्याला परक्या मुलखात जमीन बेतानंच मिळते. सहलीच्या बसलाही तिथं फार थांबून चालत नाही. फोटो काही खास येत नाहीत म्हणे.