चौदा पूर्णांक सात

कार्ब्युरेटरची गाडी अजून चालवणाऱ्या माणसाने पेट्रोल पंपावरच्या पाट्या वाचू नयेत. ई20 असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं आणि पोटात गोळा येतो. पाच लिटर भरले की त्यात एक लिटर इथेनॉल. सांगली-कोल्हापूरच्या उसाचा आमच्या चहाशी संबंध होताच, आता तो थेट टाकीशी जुळला. शेतकऱ्याचं भलं होत असेल तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या जुन्या मारुती 800ची. ती चढावर ठसके खाऊ लागली.

कारण साधं आहे. इथेनॉल स्वतःच्या अंगात ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर असतो. तो कॉम्प्युटरला चुगली करतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला चुगली करून उपयोग नाही. त्यातला जेट म्हणजे पितळेचं एक भोक. ते जेवढं पडलंय तेवढंच पेट्रोल सोडणार, मग टाकीत साधं पेट्रोल असो की उसाची पाहुणी. परिणामी मिक्स्चरमध्ये हवा सात-आठ टक्क्यांनी जास्त होते.

हे सगळं खरंच असं होतंय का ते आकड्यात बघावं म्हणून मी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर मागवला. घरातून प्रतिक्रिया आली, ‘अहो, पेट्रोलचा वास आला की जास्त, ठसके खाल्ले की कमी. त्याला मशिन कशाला?’ हे उत्तर मला खोडता आलं नाही. आमच्या गॅरेजवाल्या मामांचा सगळा धंदा याच तत्त्वावर उभा आहे. ते प्लग काढून त्याचा रंग बघतात. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, बदामी असला की हातातला बोळा खांद्यावर टाकून म्हणतात, ‘भाऊ, घेऊन जा.’

पण या सेन्सरचं खानदान मोठं आहे. वॉल्टर नेर्न्स्ट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1897 साली एक दिवा काढला. त्यात तारेऐवजी झिर्कोनियम ऑक्साइडची कांडी होती. ती थंड असताना वीज वाहून नेत नसे, आधी काडीने शेकावी लागे. म्हणजे दिवा लावण्यासाठी आधी काडी लावायची! दिवा मागे पडला, नेर्न्स्टना 1920 सालचं नोबेल मिळालं, आणि ती शेकून घेणारी माती पुढे 1976मध्ये बॉशने मोटारीच्या धुरात नेऊन बसवली, व्हॉल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांमध्ये. आजही तिची सवय तीच आहे. शेकडो अंश तापवल्याशिवाय ती बोलत नाही, म्हणून सेन्सरच्या पोटात स्वतःचा हीटर असतो.

जुना साधा सेन्सर फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढंच सांगतो. किती, ते विचारायचं नाही. वाइडबँड किती तेही सांगतो, आणि त्याची युक्ती मला फार आवडली. त्याच्यात एक इवलीशी खोली असते. धूर तिच्यात झिरपतो आणि एक पंप ऑक्सिजन आत-बाहेर करून त्या खोलीतलं प्रमाण कायम नेमकं ठेवतो. पंपाला किती वीज लागली, यावरून आकडा काढायचा. कणीक मळताना पाणी किती घालावं लागलं त्यावरून पीठ कसं होतं ते कळतं, तसंच हे.

सेन्सर बसवायचा तर पाइपाला भोक पाडून त्यावर आटे पाडलेली जाड रिंग वेल्ड करावी लागते. आटे अठरा मिलिमीटरचे. तिन्ही सिलिंडरचा धूर एकत्र येतो त्याच्या पुढची जागा हवी आणि सेन्सर आडव्याच्या वर निदान दहा अंश कललेला हवा, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना पाइपात साठलेलं पाणी त्याच्या नाकात जात नाही. तापलेल्या सिरॅमिकवर पाणी पडलं की तडा गेलाच. वेल्डिंगवाल्याला हे दहा अंशांचं प्रकरण समजावताना मी हातवारे करत होतो. त्याने शांतपणे खडूने एक रेघ मारली आणि विचारलं, ‘साहेब, असं?’ बरोबर तसंच होतं. आट्यांना थोडं ग्रीस, बावीस नंबरचा पाना, वायर रबरी बुशातून आत, फ्यूज, अर्थिंग. हा भाग सांगण्यासारखा नाही. मारुतीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष मानेकडे असतं.

सांगण्यासारखा भाग त्याच्या आधीचा. सेन्सर पाइपात बसवण्यापूर्वी त्याला स्वच्छ हवेची ओळख करून द्यावी लागते. मोकळ्या हवेत लोंबकळत ठेवायचा, तापू द्यायचा, आणि तो ठरवतो की हीच ती 20.9 टक्के ऑक्सिजनची हवा. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये! मी पहाटेची वेळ निवडली. स्कूटर एकही सुरू नव्हती, पण तळमजल्यावरचे काका पहिली सिगारेट ओढत ‘काय चाललंय’ म्हणून अगदी बॉनेटपाशी आले. ‘काका, जरा तिकडे उभे राहाल का? हा स्वच्छ हवा शिकतोय.’ काकांनी सेन्सरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी ते गेटबाहेर जाऊन उभे राहिले. पुढचे काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गाडी सुरू केली आणि सेन्सरला जोडलेल्या मीटरवर लाल आकडे उमटले. पेट्रोलच्या एका किलोला 14.7 किलो हवा, हा पाठ्यपुस्तकी आकडा. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ-दहा हजार लिटर हवा. गाडी पेट्रोल पिते म्हणून आपण बोंब मारतो, खरी ती हवा पिते. माझ्या मीटरवर सतरा! मी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवला, तरी सतराच. वास मात्र पेट्रोलचा येत होता, आणि ‘मी काय म्हटलं होतं’ हा चेहरा खिडकीत होता.

शेवटी मामांना बोलावलं. त्यांनी मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली वाकले, कान दिला आणि म्हणाले, ‘भाऊ, मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालंय. फटफट ऐकू येत नाही?’ बाहेरची हवा त्या फटीतून पाइपात शिरत होती. सेन्सरने तिच्यातला ऑक्सिजन मोजला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की हवा जास्त आहे. इंजिन पेट्रोलमध्ये बुडालं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. प्लग मिसिंग मारत असला तरी असंच होतं. न जळलेलं पेट्रोल त्याच्यापुढून जातं, पण त्याला दिसतो फक्त सोबतचा न वापरलेला ऑक्सिजन. या यंत्राला एकच वास कळतो. मामांना आठ-दहा कळतात, पण मामा डॅशबोर्डवर बसवता येत नाहीत.

पॅकिंग बदललं. आता सपाट रस्त्यावर आकडा सोळाच्या आसपास, म्हणजे इथेनॉलचा हिशोब खरा निघाला. जेट एक नंबर मोठा टाकला आणि मीटर 14.7च्या जवळ घुटमळू लागलं, कात्रजचा चढ ठसक्याशिवाय पार झाला. मग मीटरचं माहितीपत्रक नीट वाचलं. त्यात असं की, हे यंत्र खरं तर हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजतच नाही. ते फक्त जळायला हवी त्याच्या किती पट हवा आहे एवढं बघतं आणि उत्तराला 14.7ने गुणून दाखवतं. ई20साठी नेमका आकडा साडेतेराच्या आसपास पडतो, पण मीटरला त्याची गरज वाटत नाही. गाडी ठीक असेल तर ते 14.7च म्हणणार. थोडक्यात, आकडा खरा नाही, पण निष्कर्ष बरोबर आहे. असे हिशोब मी बँकेत पुष्कळ पाहिले आहेत.

एक तोटा सांगतो. पूर्वी मी गाडी चालवताना रस्ता बघायचो. आता सिग्नलला थांबलो की आकडा 14.2 होतो, मी अस्वस्थ. अॅक्सिलरेटर सोडला की वीसच्या पुढे जातो, मी पुन्हा अस्वस्थ. मामा म्हणतात, ‘कापडाने झाकून ठेवा.’ तसं करण्यासाठी मी एवढे पैसे घातलेले नाहीत.

परवा तेच काका स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर आले. मे महिना, चारही काचा खाली, गाडीला एसी नावालाही नाही. त्यांनी डॅशबोर्डवर वाकून आकडा वाचला, घाम पुसला आणि खूश होऊन म्हणाले, ‘वा! चौदा पॉइंट सात! तरीच म्हटलं, तुमच्या गाडीत गार वाटतंय.’