राखणीची राखण

सोलं वाळत घालत होते, तेवढ्यात गडग्यापलीकडून नानांनी हाक मारली.

"वहिनी, रात्री तुमच्या बागेत बॅटरी कोणाची फिरत होती हो?"

"कोणाची म्हणजे? आमच्याच राखणदाराची!" मी ताट तिथेच टाकून गडग्याशी गेले. सकाळपासून कोणाला सांगू असं झालं होतं. "दोन पेट्या आंबा रातोरात उतरवला नि पहाटेच्या टेंपोने पाठवूनसुद्धा दिला. ज्याला राखणीला ठेवला, त्यानेच! आता कुंपणच शेत खायला लागलं तर सांगायचं कोणाला?"

"दोन पेट्यांवर भागलं तुमचं. 'लेडी शोर'च्या राखणदारांनी आख्खी बोट नेली."

नानांचा उभा जन्म बोटीवर गेला. त्यांनी गडग्यावर कोपर टेकलं की समजायचं, आता बोट लवकर धक्क्याला लागत नाही.

"कैद्यांची बोट होती ती," नाना म्हणाले. "इंग्रज आपले गुन्हेगार ऑस्ट्रेलियात नेऊन टाकायचे ना, त्यातली. 1797च्या जूनमध्ये इंग्लंडहून सुटली. कैदी म्हणाल तर 66 बायका आणि पुरुष एक-दोनच."

"अगं बाई! एवढं काय केलं होतं बायकांनी?"

"अशा बोटींवर बहुतेक चोऱ्यामाऱ्यांतल्याच असायच्या. कापडाचा तागा उचलला तरी सात वर्षं समुद्रापार."

"मग उठल्या वाटतं सगळ्या?" मला उगाच स्फुरण चढलं.

"त्या कसल्या उठतायत! उठले ते शिपाई. न्यू साउथ वेल्सला जाणाऱ्या पलटणीत राजीखुशीने कोण शिरणार? मग लष्करी तुरुंगातले भरा, पळून जाताना सापडलेले भरा. ह्या बोटीवर तर लढाईत पकडलेले फ्रेंचसुद्धा होते. इंग्लंडची फ्रान्सशी लढाई चालू, आणि ह्यांच्या अंगात इंग्रजांचा कोट!"

"शत्रूच्याच हातात बंदूक? कोणाला काही वाटलं नाही?"

"एकाला वाटलं, पण तो निघाला ठग. सेम्पल म्हणून एक कैदी होता. स्वतःला मेजर म्हणवायचा आणि भल्याभल्यांना टोप्या घालायचा. शिपायांचा काहीतरी बेत शिजतोय, हे त्याने वर कळवलं होतं म्हणतात. पण चोराच्या सांगण्यावरून पहारेकऱ्यावर संशय कोण घेणार?"

मी गप्प. आमच्या राखणदाराबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं होतं ते वाडीतल्या आंबेचोर पोरांनीच. त्यांना मी काठी घेऊन हाकललं होतं.

"1 ऑगस्टला उठले. ब्राझीलचा किनारा चार दिवसांवर राहिला होता. लॅम्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने एकाला लोळवला, मग त्यांनी त्याला मारला. कप्तान विलकॉक्स जखमी झाला, तो दोन दिवसांत गेला. पुढे पंधरा दिवसांनी 29 जणांना होडीत घालून सोडून दिलं. त्यांच्यात हा सेम्पलही. ते लागले ब्राझीलला. बोट गेली माँटेव्हिडिओला. तिथे स्पेनचं राज्य, आणि स्पेन तेव्हा फ्रेंचांच्या बाजूचा."

"ते राहू दे. बायकांचं काय झालं?"

"वाटून टाकल्या. मोठ्या घरच्या स्पॅनिश बायकांकडे कामाला."

"म्हणजे बंड पुरुषांनी करायचं आणि भांडी बायकांनी घासायची!"

"सगळ्याच नाही हो घासत बसल्या. त्यातली म्हणून सांगतात ती मेरी क्लार्क, तिने ब्युनोस आयर्सला उतारूंसाठी खाणावळ काढली. 'क्लारा ला इंग्लेसा', इंग्लिश क्लारा म्हणून सगळं गाव ओळखायचं."

हे ऐकून जरा बरं वाटलं. "पण नाना, कैदी कधीच उठले नाहीत?"

"उठले तर! 1801च्या डिसेंबरात 'हर्क्युलिस'वर आयरिश कैदी उठले. कप्तान बेट्सच्या माणसांनी तेराजणांना मारलं. सगळं शांत झाल्यावर आणखी एकाला बेट्सने स्वतः गोळी घातली. सिडनीत खटला झाला. तेराजणांबद्दल तो सुटला, त्या एकाबद्दल 500 पौंड दंड. कैद्याच्या बंदोबस्ताला वहिनी, सगळं तयार असतं. बेड्या आहेत, गजांची दारं आहेत, भरलेल्या बंदुका आहेत. पण ज्याच्या हातात ती बंदूक, त्याच्या बंदोबस्ताला काय?"

"चाबूक!"

"तो तर होताच, नऊ पदरांचा. त्याने पाठ सोलते, माणूस आपला होत नाही. 1797 सालीच, 'लेडी शोर' सुटायच्या आधी दोन महिने, स्पिटहेडला इंग्रजांच्या खुद्द आरमारातल्या खलाशांनी बोटी हलवायला नकार दिला. का? तर शंभराहून जास्त वर्षं पगाराला हात लागला नव्हता. तेव्हा मात्र सरकारने पगार वाढवला, राजाने माफी दिली, आणि माणसं मुकाट्याने कामाला गेली."

"बघा! म्हणजे बंड केलं की मिळतं."

"तसंही नाही. मग नोअरला दुसरे उठले. त्यांनी मागणं वाढवत नेलं, नदीची वाट अडवली. त्यांचा पुढारी पार्कर जूनअखेर फासावर गेला. मी म्हणतो ते एवढंच. स्पिटहेडच्या माणसांचं घर इंग्लंडातच होतं. पोटाचं मिटलं, भांडण मिटलं. 'लेडी शोर'वरच्या फ्रेंचांचं त्या बोटीवर होतं काय? नाव राखणदाराचं, नशीब कैद्याचं. तो दुसऱ्याला काय राखणार?"

"हे बाकी खरं हो," मी मान हलवली. "पण आमच्याकडे काही कोणाला बेड्या घालून आणलेलं नव्हतं."

"नाही ना, म्हणूनच विचारतो," नानांनी कोपर उचललं. "परवा पावसाची सर आली तेव्हा तुमच्या मांगरावरचं पत्र्याचं भोक बुजलं होतं का? आणि त्याचा फाल्गुनातला पगार?"

आता अक्षय्यतृतीया चार दिवसांवर आली होती. मी सोलांकडे पाहिलं.

"अगं बाई, कावळे आले की!" म्हणत मी ताटाकडे धावले. कावळा एकसुद्धा नव्हता. नाना गडग्यापलीकडून हसत होते. दुपारी हे जेवायला बसले, तेव्हा आमटी वाढता वाढता मी नुसतं विचारलं, "अहो, पत्र्याला डांबर कुठे मिळतं?"