तिसरा गोळा

नाना म्हणजे निवृत्त गणितमास्तर. थोरला मुलगा जळगावला, धाकटा धुळ्याला, आणि नाना दोघांच्या मधे. एक महिना इथे, एक महिना तिथे, अशा खुणा दोन्ही सुनांनी आपापल्या कॅलेंडरवर केल्या आहेत. त्यातली एकही खूण आजवर खरी ठरलेली नाही.

"एकमेकांना ओढणाऱ्या दोन गोळ्यांचं गणित न्यूटननं सोडवलं, भो. तिसरा आला की बोंबललं!" हे त्यांचं पालुपद. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असली की नानांच्या शेजारचं पान कुणी धरत नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत पानात पडतं न पडतं तोच नाना बोटानं त्यात इंग्रजी आठ काढतात. "सारख्या वजनाचे तीन गोळे या वाटेनं एकमेकांमागं फिरत राहतात. १९९३ साली मूरला संगणकावर दिसलं, २००० साली शांसिने आणि मॉन्टगोमेरीनं सिद्ध केलं." आठ नेहमी आपल्या भरितात असतो; त्यांचं पान शाबूत.

नानांची चूक दाखवली की गणिती पॉइन्कारे पुढे येतो. "तीन गोळ्यांवरच्या निबंधाला स्वीडनच्या राजाचं बक्षीस मिळालं, निबंध छापला, मग चूक सापडली! पुन्हा छापायचा खर्च बक्षिसाहून जास्त. पण त्या चुकीतूनच कळलं, आरंभी केसाएवढा फरक, शेवटी कुठल्या कुठे."

नानांचंही तसंच. एकदा धुळ्याच्या सुनेनं विचारलं, "नाना, खाता का?" नानांना ऐकू आलं, "जाता का?" दुपारच्या एस.टी.नं जळगावात हजर!

वाटेत पारोळ्याला गाडी थांबली की खाली उतरून चहा घ्यायचा, हा नेम. "हा माझा एल-वन. आपलं आदित्य यान ६ जानेवारी २०२४ला सूर्य-पृथ्वीमधल्या असल्याच बिंदूपाशी पोचलं. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर, एक फेरी १७८ दिवसांची. पण तिथं आपोआप टिकता येत नाही, भो. अधूनमधून इंजिन चालवून सावरावं लागतं."

एकदा मी सहज विचारलं, "त्या यानाच्या ओढीनं सूर्य-पृथ्वीला काही फरक पडतो का हो?"

"शून्य. त्या गणितात तिसऱ्याचं वजन धरतच नाहीत." मग बराच वेळ सुपारी कातरत बसले.

यानाला इंजिन आहे, नानांना नात. तिचा फोन आला, "आजोबा, कधी येताय?" की पिशवी भरलीच. आणि वजन शून्य म्हणावं, तर दोन्ही घरांत त्यांच्या खाटेवरची मच्छरदाणी बारा महिने बांधलेली असते.

कॅलेंडरप्रमाणे आज नाना धुळ्याला आहेत. आत्ता जळगावात माझ्या ओट्यावर बसून चहा पिताहेत. साखर अर्धा चमचा जास्तच घातली आहे.