आमचे डचभाऊ

ह्यूस्टनमध्ये पन्नाशीचा माणूस सायकलवर दिसला की लोक दोनच अर्थ काढतात. एक तर गाडी बंद पडली, नाहीतर पिऊन चालवल्यामुळे लायसन्स गेलं. आमच्या शेजाऱ्यांची गाडी ठणठणीत, लायसन्स शाबूत, तरी ते सायकलवर. मूळचे रॉटरडॅमचे. त्यांचं नाव उच्चारण्याआधी गुळण्या कराव्या लागतात, म्हणून घरात आम्ही त्यांना डचभाऊ म्हणतो. शेल या मूळच्या डच-ब्रिटिश तेल कंपनीचं अमेरिकेतलं मुख्यालय इथे असल्यामुळे या शहरात डच माणसांचा तसा दुष्काळ नाही, पण बाकीचे शहाण्यासारखे गाडी चालवतात.

डचभाऊंची सायकल काळी, बोजड, पॅडल उलटं मारलं की थांबणारी. तिच्यावर साडेसहा फुटांचा देह वरातीतल्या नवरदेवासारखा ताठ बसलेला. इथल्या कॅटी फ्रीवेला बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन आहेत. अशा गावात हा गृहस्थ दूध आणायला सायकल काढतो, तेही ऑगस्टात, पारा ३८ वर असताना.

टेक्सासची माणसं मायाळू. पिकअप ट्रक हळू होतो, काच खाली येते, ‘सायकल मागे टाका, घरी सोडतो.’ डचभाऊ म्हणतात, ‘नको.’ आता टेक्सासमध्ये नुसतं ‘नको’ कोणी म्हणत नाही. आधी आभार, मग हवामान, मग देव तुमचं भलं करो, आणि त्यानंतर नकार. डचभाऊंचा नकार सोललेला येतो. समोरच्याला वाटतं, बिचारा फारच खचलाय. एका सद्गृहस्थाने त्यांना रविवारच्या प्रार्थनेला बोलावलं आणि वर नोकरीचीही चौकशी केली. शेवटी डचभाऊंनी पुढच्या क्रेटवर पाटी लावली: ‘माझ्याकडे गाडी आहे.’

त्यांच्या बायकोच्या वाढदिवसाचं निमंत्रण ‘दुपारी दोन ते चार’ असं होतं. दारातच त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, ‘बायकोच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन!’ बायको त्यांची, वाढदिवस तिचा, अभिनंदन माझं. मग त्यांच्या मुलाचं, सासूचं, माझ्या आईचं. तिकडे तशीच रीत आहे म्हणे, आलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. नंतर सगळे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. कॉफी आली, केकचा तुकडा आला. दुसऱ्या कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकाने एक उचललं, आणि झाकण बंद झालं. त्याचा टप्प असा आवाजही झाला. पलीकडचं टेक्सन जोडपं जेवणाच्या आशेने आलं होतं. ते त्या डब्याकडे ज्या नजरेने बघत होतं ती मला अजून आठवते. चारला डचभाऊ उभे राहिले. आम्हीही राहिलो.

त्याआधी आई बाथरूममध्ये जाऊन आली होती. तिथे भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं, त्यात आमच्या घरच्यांचीही नावं. आईने मला मध्ये घालून विचारलं, ‘वाढदिवस संडासात कशाला लिहायचे?’ डचभाऊ म्हणाले, ‘रोज बघितलं जातं.’ यावर बोलण्यासारखं आईकडे काही नव्हतं, आणि आईच्या बाबतीत ही गोष्ट क्वचित घडते.

दोघांचं खरं जमलं ते ‘ड्रॉप’वरून. ही त्यांची काळी गोळी, चघळायची. कॉलनीतली अमेरिकन पोरं ती तोंडात घेतात आणि लगेच झाडीत थुंकतात. आईने डोळे मिटून चघळली. ‘ज्येष्ठमध आहे की! आणि खारट काय लागतंय, नवसागर?’ मी पाकीट वाचलं. अमोनियम क्लोराइड. म्हणजे नवसागरच, कऱ्हाडला आमच्या दारात कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकायचा तो. एक अख्खा देश गेली कित्येक वर्षं कल्हईचं सामान आवडीने चघळतोय आणि युरोपात कोणी त्यांना अडवलेलं नाही! आईचं मत वेगळं: खोकल्याला उत्तम. आता डचभाऊ मायदेशी जाऊन आले की एक पाकीट आमच्या औषधांच्या कपाटात येतं.

२७ एप्रिलला त्यांच्या राजाचा वाढदिवस. त्या दिवशी तिकडे लोक केशरी कपडे घालतात आणि घरातलं जुनंपानं रस्त्यावर विकायला मांडतात. डचभाऊही दारासमोर चादर अंथरून, केशरी कोट घालून बसले. केशरी हा ह्यूस्टनच्या ॲस्ट्रॉस या बेसबॉल संघाचा रंग, त्यामुळे येणारा-जाणारा त्यांना स्कोअर विचारत होता. आमच्या सौभाग्यवतींनी तीन डॉलरची चीज कापायची पट्टी दीडला मागितली. ‘अडीच.’ ‘पावणेदोन.’ शेवटी दोनवर तुटलं. त्या पट्टीने बटाट्याचे काप झकास होतात.

पाण्याचा विषय निघाला की मात्र डचभाऊंची थट्टा करवत नाही. १९५३च्या पुरात त्यांच्या देशातली १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी बांध घातले, दारं बसवली. रॉटरडॅमजवळचं १९९७चं दार तर दोन पाखांचं, एकेक पाखं २१० मीटर लांब. मुलांना तिकडे अंगावरच्या कपड्यांनिशी पोहायला शिकवतात, कारण कालव्यात पडणारा पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. इथे कॉलनीच्या तलावात त्यांनी नातवाला बूट-पँटसकट उतरवलं तेव्हा जीवरक्षकाची शिट्टी थांबेना.

ह्यूस्टनहून पूर्वेला दीड तासावर नेदरलँड नावाचंच गाव आहे. रेल्वेवाल्यांच्या भरवशावर आलेल्या डच कुटुंबांनी ते १८९७मध्ये वसवलं. उतरायला ऑरेंज हॉटेल बांधलं, भात लावला. पुढे भाताचा भाव पडला आणि बरेच जण निघून गेले. ऑगस्ट २०१७मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा याच गावात १,५३९ मिलिमीटर पाऊस पडला. कुठल्याही एका वादळाने अमेरिकेत पाडलेला हा सर्वांत जास्त पाऊस. डचभाऊंना हे सांगितलं तेव्हा ते आपल्या पूर्वजांबद्दल एवढंच म्हणाले, ‘जागा चुकली.’

ह्यूस्टनकडे येणं झालं तर ते गाव जरूर बघा. तिथे पवनचक्कीत छोटं संग्रहालय आहे. सायकल मात्र नेऊ नका. कोणीतरी हमखास उचलून ट्रकमध्ये टाकेल.