हरण्याच्या बावीस जागा

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरावे म्हणून प्रमाणांच्या आधारे चालतो तो वाद. शब्दच्छल करून, खोड्या काढून, काहीही करून जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे नुसते खोडत बसणे ही वितंडा. व्यवहारात बोलणारा स्वतः करतो तो नेहमी वादच असतो, त्याचा मेहुणा करतो तो जल्प, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ करतात ती वितंडा. प्रस्तुत लेखकाचेही तसेच. फक्त त्याच्या कपाटात झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आहे आणि तो पाहुण्यांना दिसेल असा ठेवलेला आहे.

युक्तिवादाचे अवयव पाच : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघर. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून तिथे आग आहे. गॅस आल्यापासून हे उदाहरण फोडणी करपली तरच लागू पडते. घरगुती युक्तिवादात पहिला अवयव मोठ्याने म्हणतात आणि उरलेल्या चारांच्या जागी तोच, आणखी मोठ्याने.

मन वळवण्याची साधने ॲरिस्टॉटलने तीन सांगितली : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. साडीच्या दुकानात तिसऱ्याची गरज पडत नाही. आधी चहा येतो, मग ‘ताई, हा शेवटचाच पीस’.

शास्त्राला खरा बहर येतो तो निग्रहस्थानांत, म्हणजे जिथे पाऊल पडले की माणूस हरला असे समजायचे, त्या जागांत. त्या बावीस आहेत. तेच ते पुन्हा म्हणणे हे पुनरुक्त. विषय सोडून भलतेच बोलणे हे अर्थांतर. पाण्याच्या टाकीची चर्चा पार्किंगवर नेणाऱ्यांना ते सहज साधते. आपल्यावरचा आक्षेप न खोडता ‘तुमच्याकडेही तेच आहे’ म्हणणे ही मतानुज्ञा. नवरा-बायकोच्या भांडणात सासर-माहेर शिरते ते याच दाराने. उत्तरच न सुचणे ही अप्रतिभा. प्रस्तुत लेखकाला बिनतोड उत्तर रात्री अंथरुणावर सुचते. त्याला शास्त्रात गुण नाहीत. सर्वांत लोभस विक्षेप : कामाचे निमित्त काढून चर्चेतून उठून जाणे. सूत्रकाराने ‘दूध उतू जाईल, आलोच’ म्हणणारा कोणीतरी नक्की पाहिला असणार. उरलेल्या सतरा जागा वाचकाने आपापल्या नातेवाइकांत शोधाव्यात.

मग जल्प-वितंडा शिकवायच्या तरी कशाला? सूत्रकार म्हणतो, कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्या लावतात, तशा त्या तत्त्वनिश्चयाच्या राखणीला. रात्री नऊच्या वाहिन्यांवर नुसत्या काट्याच दिसतात. पेरणी कोणी केलेलीच नसते. आणि घरात पोराने ‘पण का?’ विचारले, की ‘मोठ्यांशी वाद घालू नये’ असे दटावून तो कोंभ बिनकाट्यांचाच खुडला जातो. शास्त्राचा याला आधार नाही. मत्सर न बाळगणाऱ्या ज्या माणसांशी वाद करावा असे न्यायसूत्रे सांगतात, त्यांत गुरू आहे, सहाध्यायी आहे, आणि यादीतले पहिले नाव शिष्याचे आहे.